म्हशीची अट

‘तुम्ही खाणखात्यात होता का?’ असं कुणी विचारलं आणि मी हो म्हटलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. त्याला वाळूचे ट्रक, धाडी, धमक्या असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी त्याची निराशा करते. माझी नोकरी खाण सुरू होण्याच्या आधीच्या कामात गेली. खाण होणार की नाही हे ज्या खड्ड्यांवरून ठरतं, ते खड्डे कुठं घ्यायचे आणि घेऊन झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे बघणं माझं काम. माझी धाकटी नणंद लग्नानंतर बरीच वर्षं ‘आमची वहिनी सरकारी खड्डे तपासते’ असं लोकांना सांगायची. तिनं ते चेष्टेनं सुरू केलं होतं, पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याच सरकारी कागदात सापडलं नाही.

थोडं समजावून सांगते. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत. तिकडं त्याला सडा म्हणतात. त्या जांभ्याच्या पोटात काही ठिकाणी बॉक्साइट असतं, म्हणजे ज्याच्यापासून ॲल्युमिनियम करतात तो दगड. एखाद्या कंपनीला तिथं खाण काढायची असेल, तर आधी नुसता शोध घेण्यासाठी सरकारची परवानगी लागते. कागदावर तो पूर्वेक्षण परवाना, आम्ही म्हणायचो शोधपरवाना. तो मिळाला की खड्डे घ्या, यंत्रानं जमिनीत भोकं पाडा, नमुने प्रयोगशाळेत पाठवा. पण विकायला घमेलंभर मातीही उचलायची नाही. अर्ज आला की आमच्या ऑफिसातून कुणीतरी जागा बघून यायचं आणि अहवाल लिहायचा. निर्णय वर व्हायचा. परवाना देणं किंवा नाकारणं माझ्या हातात कधीच नव्हतं. जाऊन बघणं आणि बघितलेलं लिहिणं, एवढंच हातात होतं.

या कामात मी आले ते नव्वदचं दशक सुरू होताना. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या वस्तीत, विहारासमोरच्या कट्ट्यावर, लोक त्यांना विचारायचे, ‘पोरगी दगडं शिकून काय करणार?’ वडील सांगायचे, ‘डोंगर हायती तवर तिला काम हाय.’ आमच्या घरात सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली, आणि जिल्ह्याच्या त्या ऑफिसात जीपमधून डोंगरावर जाणारी बाई म्हणूनही पहिलीच.

ऑफिसात येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची. आजऱ्याचा एक काजूवाला आठवतो. पांढराशुभ्र लेंगा-शर्ट, हातात रुमालाची पुरचुंडी. आत आल्यावर त्यानं आधी दार लावून घेतलं. मग पुरचुंडी सोडली. आत पांढरे, टोकदार, चकचकीत खडे होते.

‘हिरं हायती,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘माज्या हिरीत घावल्यात. परवाना पायजे.’

‘हिरे कशावरून?’

‘काचंवर वरखडा उठतोय की. घरातला आरसा बघा येऊन.’

मी त्याला सांगितलं की काचेवर ओरखडा गारगोटीनंही उठतो, आणि ही गारगोटीच आहे.

‘गारगोटी? ती भुदरगडात हाय. मी आजऱ्यास्नं आलोय.’

गारगोटी नावाचं गाव वेगळं आणि गारगोटी नावाचा दगड वेगळा, हे त्याला पटवायला चहा मागवावा लागला. पटल्यावर त्यानं चहा संपवला. मग त्यानं दार उघडलं, खडे तिथंच टेबलावर ठेवले आणि म्हणाला, ‘न्या घरी. पोरास्नी खेळाया हुतील.’ जाताना त्याची पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली. बहुधा विहिरीवर पहारा ठेवायचा घोर उतरला असावा.

पण आज मला सांगायचंय ते राधानगरीकडच्या एका सड्याबद्दल. तिथं जे घडलं, त्यावरून माझ्या कामात एक ओळ वाढली आणि त्या ओळीला ऑफिसात ‘म्हशीची अट’ असं नाव पडलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात एका कंपनीनं त्या सड्यासाठी शोधपरवाना मागितला. उन्हाळ्यात मी जागा बघायला गेले. बरोबर आमचे ड्रायव्हर सदामामा. मामा करवीरकडचे, घरी चार जनावरं, अंगानं भरलेले, खात्यात येण्याआधी दोन वर्षं फौजेत राहून आलेले. जीप पायथ्याच्या गावात ठेवून आम्ही पाऊलवाटेनं वर चढलो. वर सड्याच्या कडेला गवळी धनगरांची पाच-सात घरं. पहिल्याच घराच्या अंगणात आम्हाला बघून घोंगडं अंथरलं गेलं आणि मामांना त्यावर बसवून पाणी दिलं गेलं. साहेब तेच, यात कुणाला शंका नव्हती. मी मागं उभी.

घरातली म्हातारी माझ्याजवळ आली. ‘डोस पाजाया आलाईसा व्हय, बाई? आमच्यात बारकं प्वार न्हाय आता.’

‘आक्का, मी नर्स नाही. मी दगड बघायला आलेय.’

मामा घोंगड्यावरून गडबडीनं उठले. ‘साहेब त्या हायत. मी गाडी चालवतो.’

म्हातारीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि घोंगड्यावर बसायची खूण केली. तिचं नाव जनाबाई झोरे. सगळे तिला जनाआक्का म्हणत. नवरा वारलेला, मुलगा बाबू आणि सून, दावणीला म्हशी. दूध रोज पायथ्याच्या गावात डेअरीला जायचं आणि त्यावर घर चालायचं.

कंपनीचं काय चाललंय हे तिला उडत उडत कळलं होतं. तिनं मला सड्याच्या कडेखाली नेलं. तिथं कातळाच्या भेगेतून एक झरा बाहेर पडत होता आणि दगडांनी बांधलेल्या कुंडात साठत होता. भर उन्हाळ्यात वर सगळा सडा तापलेला, गवत वाळून पिवळं, आणि इथं गार पाणी. सगळ्या घरांचं आणि सगळ्या जनावरांचं पाणी तेच.

इथं कामातली एक गोष्ट सांगायला हवी. शोधानं काही बिघडत नाही असं सगळ्यांना वाटतं, कारण खाणीच्या मानानं तो किरकोळ असतो. चार खड्डे, चार भोकं. सपाट शेतजमिनीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. सड्याची गोष्ट वेगळी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो आणि वर्षभर कडेच्या झऱ्यांतून थोडं थोडं सोडतो. त्याच्यावरची माती भाकरीएवढी जाड. त्या मातीवर पावसाळ्यानंतर गवत आणि बारकी फुलं येतात, जनावरं त्यावर जगतात. त्यावरून एकदा जड गाडी गेली की चाकोरी उमटते, चाकोरीतून पाणी वाहायला लागतं, आणि पाणी एकदा नव्या वाटेला लागलं की माती घेऊनच जातं.

जनाआक्कानं मला विचारलं, ‘खड्डं पाडल्यावर ह्ये पाणी ऱ्हाईल न्हवं?’

‘लांब पाडले आणि पावसाआधी बुजवले तर राहायला पाहिजे,’ मी म्हटलं. ‘नक्की नाही सांगता येत.’

‘म्हंजी तुमास्नीबी म्हाईत न्हाय.’

‘नाही.’

‘बरं झालं सांगितलंसा,’ ती म्हणाली. ‘ह्येच्या आदी आल्याला पावणा म्हनत हुता, कायबी हुत न्हाय, कायबी हुत न्हाय. ततंच भ्या वाटलं मला.’

तो ‘पावणा’ म्हणजे कंपनीचे भूगर्भतज्ज्ञ हिरेमठ. बेळगावकडचे, पन्नाशी ओलांडलेले, जन्मभर डोंगर हिंडून काळे पडलेले. मराठी चांगलं बोलायचे, पण प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर जायचं. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचे आणि येताना आमच्या ऑफिसात पेढे आणायचे. मी तो प्रसाद म्हणून नव्हे, पेढा म्हणून खायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझ्या हातावर नेहमी दोन ठेवायचे. माणूस कामाला पक्का. लबाड नव्हता. ‘काही होत नाही’ हे ते मनापासून म्हणत, कारण त्यांनी काम केलेल्या बऱ्याच ठिकाणी काही झालं नव्हतं.

मी अहवाल लिहिला. शोधाला हरकत नाही, पण झऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डे नकोत, यंत्र सुटं करून माणसांनी वर न्यावं, गाडीसाठी वाट काढू नये, आणि पाऊस सुरू होण्याआधी सगळे खड्डे बुजवावेत. पायथ्याचे सरपंच माझ्यावर जरा नाराज होते. गावातल्या पोरांना काम मिळेल म्हणून त्यांना खाण हवी होती. त्यात चूक काही नव्हती. मी त्यांना सांगितलं की मी शोध थांबवत नाहीये, नीट करायला सांगतेय.

परवाना मंजूर होऊन आला तेव्हा माझ्या सगळ्या अटींचं मिळून एक वाक्य झालं होतं : ‘परवानाधारकाने पर्यावरणाची योग्य ती काळजी घ्यावी.’ मी ते वाक्य साहेबांना दाखवलं. साहेब, म्हणजे आमचे अधिकारी, सज्जन गृहस्थ. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, कुणाच्या अध्यात मध्यात नसलेले. ते म्हणाले, ‘मॅडम, सगळं आलं की त्यात.’

‘सर, त्यात काहीच आलं नाही.’

‘तेच म्हणतो मी,’ साहेब म्हणाले आणि फाइल बाजूला ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात हिरेमठांच्या माणसांनी काम सुरू केलं. यंत्र ट्रकनं वर नेलं. त्यासाठी सड्याच्या कडेला पहारीनं कातळ फोडून वाट काढली. दोन पुरुष खोलीचे चौकोनी खड्डे घेतले, सरळ उभ्या भिंतींचे, कारण भिंत सरळ असली की थर नीट दिसतात आणि नमुना चांगला घेता येतो. नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल येईपर्यंत खड्डे उघडे ठेवा, परत बघावे लागतील, असा कंपनीचा निरोप आला. निकाल आला नाही, पाऊस आला.

राधानगरीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. सड्यावर धुकं बसलं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. आषाढातल्या एका सकाळी सरपंचांचा ऑफिसात फोन आला. ‘मॅडम, जनाआक्काची म्हस खड्ड्यात पडलीया. गाभणी हाय. तुमच्या खड्ड्यात.’

खड्डा माझा नव्हता. पण फोनवर वाद घालावासा वाटला नाही. साहेबांना सांगितलं आणि मामांबरोबर निघाले.

आम्ही वर पोचलो तेव्हा खड्ड्याभोवती वाडीतली सगळी माणसं आणि गावातून आलेले दहा-बारा जण गोळा झाले होते. खड्ड्यात छातीभर पाणी, आणि पाण्यातून म्हशीची फक्त पाठ आणि डोकं वर. दिवस भरत आलेले. ती ओरडत नव्हती, तेच वाईट दिसत होतं. जनाआक्का काठावर पोतं डोक्यावर घेऊन उकिडवी बसली होती आणि तिच्याशी एकसारखी बोलत होती. ‘हाय म्या हितंच. कुटं न्हाय ग्येले. हाय हितंच.’

बाबूनं आत उतरून तिच्या पोटाखालून दोर घातले होते आणि माणसं ओढत होती. म्हैस जरा उचलली गेली की दोर पोटात रुतायचा आणि ती अंग टाकायची. मामांनी तीन-चार हिसके बघितले आणि पुढं होऊन दोर धरला.

‘सोडा. वढू नगा. रेडकू जाईल आतल्या आत, आन् मग हीबी जाईल.’

‘मग काय करू?’ बाबू खालून म्हणाला. त्याचे दात वाजत होते. ‘अशीच मरू देऊ?’

तेवढ्यात धुक्यातून हिरेमठ आले. त्यांचा तंबू पायथ्याला होता. कुणीतरी त्यांना कळवलं होतं आणि ते आपली चार माणसं, पहारी, कुदळी, टिकाव घेऊन धावत चढून आले होते. त्यांना बघून गावातला एक जण अंगावर गेला. सरपंचांनी त्याला धरलं. हिरेमठांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते खड्ड्याच्या काठावर पालथे झोपले आणि आतल्या भिंतीवरून हात फिरवला.

‘वरचा कातळ हातभर आहे,’ ते म्हणाले. ‘खाली मऊ माती. मी स्वतः खणलाय हा. उताराची ही बाजू फोडू या. पाणी पण जाईल, ती पण चालत येईल.’

मग ते जनाआक्काकडं वळले. ‘अव्वा, तिला वर नाही ओढायचं. तिला रस्ता करायचा.’

जनाआक्कानं उठून त्या बाजूला जागा करून दिली.

त्यानंतर सगळ्यांनीच काम केलं. हिरेमठांची माणसं पहारी घालून कातळ उचकटायची, गावातली माती ओढायची, मी आणि बाबूची बायको घमेली पुढं देत होतो. अंगावर गेलेला तो माणूस आणि हिरेमठ एकाच पहारीवर होते. बाजू खाली आली तसं पाणी त्या वाटेनं बाहेर पळालं. म्हशीचे पाय दिसले. बाबूनं आतून दगड लावून पायरी-पायरीसारखा उतार केला आणि बाजूला झाला.

‘आता हाक मार,’ मामा जनाआक्काला म्हणाले.

तिनं हाक मारली. रोज दूध काढताना मारायची तीच असणार, कारण त्यात घाई नव्हती. म्हशीनं एक पाय टाकला, घसरली, परत टाकला. मग सगळं अंग पुढं झोकून ती चिखलातून वर आली, माणसांच्या मधून सरळ चालत जनाआक्काजवळ गेली आणि उभी राहिली. मामांनी तिच्या पोटाला कान लावला आणि ठीक आहे अशी मान डोलावली.

हिरेमठ बाजूला दगडावर बसले होते. हात सोलले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, ‘मॅडम, तीस वर्षं खड्डे घेतो मी. माणूस शिडीनं उतरतो, शिडीनं चढतो. जनावराला शिडी नसते, हे डोक्यात कधी आलं नाही.’

म्हैस वाचली, पण दुसरं दुखणं तसंच होतं. झऱ्याचं पाणी लाल झालं होतं. हिरेमठ आणि मी त्याच दिवशी धुक्यात पाण्याचा माग काढत हिंडलो. ट्रकसाठी फोडलेल्या वाटेतून सगळं गढूळ पाणी झऱ्याच्या वरच्या भेगांकडं वळत होतं. शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

मी ऑफिसात येऊन सांगितलं की कंपनीला ताबडतोब खड्डे आणि वाट बुजवायला लावलं पाहिजे. साहेब म्हणाले, ‘मॅडम, परवान्यात तसं लिहिलेलं नाही. योग्य ती काळजी म्हणजे नेमकी कुठली, असं कंपनीनं उलट विचारलं तर आपण काय सांगणार? एका म्हशीसाठी मी वरच्यांशी भांडू?’

मी म्हटलं, ‘भांडू नका सर. एकदा बघायला चला.’

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. बूट हातात घेऊन, छत्री उलटी होत, सदामामांच्या खांद्याला धरून चढले. जनाआक्कानं त्यांना घरात चुलीजवळ बसवलं आणि चहा दिला. घट्ट दुधाचा, आलं घातलेला. भिजून आलेल्या साहेबांनी तो मिटक्या मारत प्यायला आणि आणखी मागितला.

‘फक्कड झालाय चहा, आजी.’

‘दूध आमचं हाय की,’ ती म्हणाली आणि कोपऱ्यातली कळशी पुढं ओढून तांब्यात पाणी ओतून त्यांच्यासमोर धरलं. विटकरी रंगाचं पाणी. ‘आन् पानी ह्ये. दोन डाव गाळून घ्येतलंय. च्यात कळत न्हाय. म्हनून आल्या माणसाला च्याच द्येतोय आमी.’

साहेबांनी तांब्याकडं बघितलं, हातातल्या कपाकडं बघितलं. कपात अजून चहा होता. तो त्यांनी शांतपणे संपवला, कप खाली ठेवला आणि उठले. ‘वाट कुठंय ती दाखवा,’ एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात कंपनीला आदेश गेला. काळजी म्हणजे नेमकी कुठली, ते साहेबांनी स्वतःच्या अक्षरात सविस्तर लिहिलं होतं. वरून विचारणा झाली ती त्यांनी निभावली. माझ्याशी कधी त्याबद्दल बोलले नाहीत. हिरेमठांनीही आपल्या कंपनीला काही कळवलं असणार, कारण तिकडून आडकाठी आली नाही. पावसाळ्यातच वाटेवर दगडी बांध घालून पाणी परत फिरवलं, आणि श्रावण संपताना जनाआक्काच्या कळशीत पाणी निवळ झालं.

खड्डे पाऊस उघडल्यावर बुजवले. हिरेमठ रोज उभे असायचे. खालची लाल माती खाली, वरची काळी वर, आणि त्यावर गवताची ढेकळं लावायची, असा त्यांचा हट्ट. गावातले मजूर हसायचे. ‘सायेब, खड्डा बुजवताय का लगीन लावताय?’

पुढं नमुन्यांचा निकाल आला. बॉक्साइट पातळ आणि हलक्या प्रतीचं निघालं. कंपनीनं तो सडा सोडून दिला. झरा वाचला तो आमच्या शौर्यानं नव्हे, दगड खराब होता म्हणून, हे मला माहीत आहे. जिथं दगड चांगला निघाला तिथं खाणी झाल्या, त्यांचे सुरुवातीचे अहवालही मीच लिहिले होते. अटी घातल्या, काही पाळल्या गेल्या, काही नाहीत. त्यातल्या एका पठारावर मी नंतर पुन्हा गेले नाही. सरपंचांचंही एक वाक्य माझ्याजवळ राहिलंय. एकदा कोल्हापुरात भेटले तेव्हा म्हणाले, ‘पाणी ऱ्हायलं, मॅडम. प्वारं न्हाय ऱ्हायली. कामाला भाईर पडली.’ राग नव्हता त्यांच्या बोलण्यात.

त्यानंतर मात्र माझ्या प्रत्येक अहवालात मी एक ओळ घालायला लागले : ‘प्रत्येक खड्ड्याची एक बाजू जनावर चालत वर येईल अशी उतरती ठेवावी.’ ‘योग्य ती काळजी’त ही ओळ विरघळवता येत नव्हती, हा तिचा मोठा फायदा. साहेब ती स्वतः खुणा करून वर पाठवायचे. ऑफिसात तिला ‘म्हशीची अट’ म्हणत. ‘मॅडम, म्हशीची अट टाकली का?’ असं टायपिस्ट विचारायची. सुरुवातीला वरून शेरे यायचे, मग यायचे बंद झाले. दोन हजार सालानंतर एकदा दुसऱ्या जिल्ह्यातली फाइल माझ्याकडं अभिप्रायासाठी आली. त्यात माझी ओळ जशीच्या तशी होती. मी कधी न बघितलेल्या कुणीतरी लिहिलेली. त्या दिवशी मी ऑफिसला पेढे वाटले. कशाचे, ते सांगायला बराच वेळ लागला.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याच्या आधी, खड्डे बुजवल्यानंतरच्या वर्षी. अखेरची तपासणी होती. पाऊस नुकताच सरत आलेला. सडा निळ्या-पिवळ्या फुलांनी भरलेला. मी, हिरेमठ आणि सदामामा हातात नकाशा घेऊन खड्डे शोधत होतो. बाकीचे सापडले. कुठं माती थोडी खचली होती, कुठं गवत विरळ होतं. म्हैस पडली तो खड्डा मात्र सापडेना. नकाशाप्रमाणे आम्ही त्याच्याजवळच होतो, पण सगळीकडं सारखंच गवत, सारखीच फुलं. हिरेमठ खूश झाले होते आणि ते लपवायचा प्रयत्न करत होते.

‘बाबूला विचारू या,’ मी म्हटलं.

बाबू म्हशी घेऊन तिकडंच येत होता. मागं जनाआक्का. त्यालाही नेमकं सांगता येईना. ‘हितंच कुटंतरी हुता,’ म्हणून तो दोन जागा दाखवायला लागला.

‘थांबा की वाईच,’ जनाआक्का म्हणाली. ‘जनावरं जाऊ द्यात फुडं.’

आम्ही बाजूला झालो. म्हशी चरत चरत सरळ पुढं आल्या. एक गेली, दुसरी गेली. तिसरी तीच होती, मागं तिची वर्षाची रेडी. ती आमच्यापाशी आली, थांबली, खाली मान घालून हुंगलं, आणि मग डावीकडून मोठा वळसा घालून पलीकडं निघून गेली. रेडी सरळ मधून उड्या मारत तिला जाऊन मिळाली.

‘ह्यो बगा तुमचा खड्डा,’ जनाआक्का म्हणाली.

मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले. पायाखाली घट्ट लागत होतं. हिरेमठ पण आले आणि दोन्ही पाय आपटून बघितले. मग मी तिथंच खाली बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं : खड्डा बुजवला आहे, जागा ओळखू येत नाही.